पेटीबाहेरचं मत

ओल्या चुन्याचा वास आला की कुणाला दिवाळी आठवते, कुणाला घरातलं लग्न. मला निवडणूक आठवते. परवा आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला चुना मारत होते. पुढच्या भिंतीला महागडा रंग आणि मागच्या भिंतीला चुना, हा आमच्या सेक्रेटरींचा खास हिशेब. मी भाजीची पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. फाल्गुनातलं कोरडं ऊन, भिंतीवरून ओघळणारं पांढरं पाणी, आणि रस्त्यावरून ओरडत गेलेली प्रचाराची रिक्षा. चुना मारणारा माणूस दोनदा वळून बघून गेला, तेव्हा कुठे मी हलले.

घरी पुतण्या मोबाइल घेऊन बसला होता. यंदा त्याचं पहिलं मत, त्यामुळे स्वारी भलतीच अभ्यासू झाली आहे. म्हणाला, आत्या, तू पहिलं मत कुठल्या मतदारसंघात दिलंस? मी नाव सांगितलं. त्यानं शोधलं आणि म्हणाला, असा मतदारसंघ नाहीच गं, होता म्हणे. सीमा नव्यानं आखल्या तेव्हा त्याचे तुकडे करून आजूबाजूला वाटून टाकले. उरलं होतं ते एक पान. कोण निवडून आलं, कोण पडलं, कुणाला किती मतं. त्यानं ते पान मला दाखवलं आणि विचारलं, एवढाच इतिहास?

मी चहा टाकायला आत गेले. पण प्रश्न काही आत आला नाही, बाहेरच्या खोलीतच बसून राहिला.

मतदारसंघ ही भलतीच अजब वस्तू आहे. त्याला वेस नसते, ग्रामदेवता नसते, जत्रा नसते. कुणी तरी कार्यालयात बसून नकाशावर रेघ ओढतं आणि रेघेच्या आतली माणसं एकमेकांची होतात. आमचा मतदारसंघ पवईच्या तलावाच्या वरच्या अंगाला कुठं तरी सुरू व्हायचा आणि भांडुपच्या टेकड्या उतरून खाली मिठागरांपर्यंत जायचा. त्यात तलावाकाठच्या मोठ्या शिक्षणसंस्थेतले प्राध्यापक होते, कारखान्यांतले फिटर होते, टेकडीवर पाण्याचे हंडे घेऊन चढणाऱ्या बायका होत्या आणि खाडीच्या बाजूला मीठ ओढणारे लोक होते. यांतल्या कुणाची कुणाशी ओळख असण्याचं काही कारण नव्हतं. पण मतं पडायची ती सगळी एकाच ढिगात, आणि ढिगातलं कुठलं मत प्राध्यापकाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मला या गोष्टीचं तेव्हा फार नवल वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

त्याची सीमा मला कळली ती बसमधून. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी नुकतीच मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागले होते. भांडुपहून पवईवरून बस जायची. निवडणूक लागली की दोन्ही बाजूंच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या व्हायच्या आणि त्यावर गेरू आणि निळीनं उमेदवारांची नावं चढायची. मी खिडकीतून वाचत जायची. तलाव मागे पडला की एका वळणावर सगळी नावं एकदम बदलायची. चिन्हं तीच, माणसं दुसरी. ड्रायव्हरला पत्ता नाही, कंडक्टरला पत्ता नाही, आणि आपण एका मतदारसंघातून दुसऱ्यात आलो. मला दर वेळी गंमत वाटायची, परदेशात आल्याची.

त्या दिवसांत मतदानाचं वय एकवीस होतं, आणि मी ते नुकतंच ओलांडलं होतं. नाव यादीत लागलं तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं, आमची वैशाली सरकारात लागली. नोकरी लागली तेव्हाही ती एवढी खूश नव्हती.

आमची चाळ म्हणजे टेकडीला पाठ लावून बसलेली खोल्यांची एक ओळ. बरीचशी बिऱ्हाडं कोकणातली, आमच्यासारखी खारेपाटणच्या बाजूची. बाबा गिरणीत होते. संपात गिरणी गेली, तेव्हापासून ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि त्याबद्दल घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. शेवटच्या खोलीत गोदामावशी राहायच्या. त्या जालन्याकडच्या. बहात्तरच्या कितीतरी आधीच्या एका दुष्काळात नवऱ्याबरोबर मुंबईला आल्या, नवरा पुढे वारला, मुलगा नोकरीसाठी नाशिकला गेला, आणि मावशी महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून राहिल्या. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे गल्लीतल्या मोठमोठ्या मिशीवाल्यांनाही त्या नावानं हाक मारून दम देत. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि तिच्यावर कोट घातलेल्या एका माणसाचा फोटो होता. त्या फोटोतल्या माणसाचं नाव मावशी कधी नुसतं घेत नसत, डोक्यावरचा पदर सारखा करून घेत.

तर त्या वर्षी विधानसभेचं मतदान आलं ते नेमकं शिमग्यात. कोकणातल्या माणसाला शिमगा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. गणपतीला सुट्टी नाही मिळाली तर तो हळहळेल, पण शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते, आणि आपल्या दारात पालखी आली असताना घराला कडी, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. मतदानाच्या आधी आमची अख्खी चाळ ओस पडू लागली. पत्र्याच्या ट्रंका, नारळ बांधलेली फडकी, मुलांच्या अंगावर नवे कपडे. खाली रस्त्यावर ढोल बांधलेले टेम्पो उभे. वर जीपच्या कर्ण्यातून ताई-माई-अक्कांना विनवण्या चाललेल्या, आणि ताई, माई, अक्का सगळ्या एसटीत बसून गावाला निघालेल्या.

मावशींना हे पसंत नव्हतं. बाबा निघाले तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, भाऊ, मत टाकून जा. बाबा त्यांना मानत. चप्पल घालता घालता थांबले, पण म्हणाले, "माझ्या एका मतान काय होतला, मावशी? पालखी दाराक येतली. ती काय माका वगळून पुढे जायत?"

 मावशींनी हात पुढे केला आणि बाबांनी त्यांच्या हातावर किल्ली ठेवली. ही आमच्या चाळीची रीत होती. गावाला जाणारा प्रत्येक जण किल्ली मावशींकडे ठेवून जाई, आणि रोज तिन्हीसांजेला मावशी एकेक कुलूप उघडून त्या त्या घरच्या देवापुढे दिवा लावत. हात जोडत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, देव तुमचा, मी मानत नाही, पण तुमचं घर अंधारात कशाला? दिवा लावून झाला की त्या देवाकडे पाठ करून शांतपणे कुलूप घालत. आम्हाला यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटायचं नाही. आता वाटतं.

मला नव्या नोकरीत रजा नव्हती, म्हणून मी दुसरी किल्ली घेऊन मागे राहिले. तरण्या पोरीनं एकटं कसं झोपायचं, म्हणून मावशी आमच्या घरी झोपायला येऊ लागल्या. कामावरून सरळ आमच्याकडेच, स्वयंपाकही आमच्याच स्टोव्हवर. त्यांच्या स्वतःच्या खोलीलाही कुलूप. असे ते दिवस गेले. दुपारी कुठून तरी मोहराचा वास यायचा, टेकडीवर पांगारा लालभडक फुललेला असायचा. संध्याकाळी मावशी भाकरी थापायच्या आणि मला मत कसं द्यायचं ते शिकवायच्या. शिक्का ओला असतो, पोरी. कागदाची घडी चुकीची घातलीस तर शाई समोरच्या चिन्हावर उमटते आणि मत बाद होतं. आधी उभी घडी, मग आडवी. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा कापून मला घडी घालायला लावली. माझी घडी वाकडी आली तर पुन्हा घालायला लावली. मी हसले, तर म्हणाल्या, हस, पण घडी नीट घाल.

मतदानाच्या सकाळी त्यांनी पांढरी इस्त्रीची साडी नेसली. ती साडी फक्त दोनदा निघे, एकदा एप्रिलातल्या जयंतीला आणि एकदा मतदानाला. नाश्ता नको म्हणाल्या. मतदान झाल्यावर खाऊ. आम्ही टेकडी उतरलो. शाळेच्या अलीकडे पक्षांची टेबलं लागली होती, वर कापडी मांडव, पुढे चिठ्ठ्या लिहिणारी पोरं. एका टेबलावरच्या पोरानं मावशींना बघितलं आणि तो एकदम यादीत डोकं घालून बसला. मावशी म्हणाल्या, काय रे, चिठ्ठी दे की. त्यानं चिठ्ठी दिली, पण वर बघितलं नाही.

शाळेच्या वर्गात खडूचा वास होता, आणि बाकं भिंतीला सारली होती. माझं मत झालं. फार लवकर झालं. बोटाला शाई, हातात कागद, पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का, उभी घडी, आडवी घडी, पेटी. बाहेर पडताना वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी एवढे कर्णे? मग मागे वळून बघितलं, तर मावशी अजून पहिल्याच टेबलाशी उभ्या होत्या.

तिथला कारकून म्हणत होता, बाई, या नावावर मत होऊन गेलंय. मावशींना आधी ते कळलंच नाही. त्या म्हणाल्या, मी तर आत्ता येतेय. कारकुनानं यादीत मारलेली खूण दाखवली. पुढचं माझ्या लक्षात हळूहळू आलं. शिमग्याला चाळ रिकामी होते हे कुणाच्या तरी पक्कं लक्षात होतं. कुलूप दिसलं की माणूस गावाला, आणि त्याच्या नावावर मत टाकायला रान मोकळं. मावशींच्या दाराला कुलूप होतं, कारण त्या माझ्या सोबतीला झोपत होत्या. जालन्याकडच्या बाईला कुणी तरी शिमग्याला कोकणात धाडून दिलं होतं.

मला वाटलं, मावशी आता आकाशपाताळ एक करतील. गल्लीत कुणी नळाशी रांग मोडली तर त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जाई. पण त्या नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका लहान झालेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता, आणि मला रडू आलं. रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, साहेब, मावशींना सगळी वस्ती ओळखते. मग केंद्राध्यक्ष उठून आले. चष्मा लावलेले, घामाघूम झालेले, सकाळपासून बहुधा चहाही न मिळालेले गृहस्थ. त्यांनी मावशींना नवऱ्याचं नाव विचारलं, खोली नंबर विचारला, वय विचारलं. एका पक्षाचा एजंट पुटपुटला, जाऊ द्या ना साहेब, वेळ जातोय. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. नियमांची पुस्तिका काढून एक पान दोनदा वाचलं आणि मग मावशींना म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच आहात हे मला पटलंय. तुम्हाला वेगळा कागद देतो. पण आधीच सांगतो, हे मत पेटीत जाणार नाही. पाकिटात बंद राहील. मोजणीत धरणार नाहीत. कोर्टानं मागितलं तरच उघडतील. तरी द्यायचंय?"

वर्गात सगळे थांबले होते. मावशींनी बोटाचा पदर सोडला.

"द्या," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोटाला शाई लावली. त्या कागद घेऊन आडोशामागे गेल्या. आणि किती तरी वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी उभी राहून विचार करत होते, जे मत कुणी मोजणार नाही त्याला एवढा वेळ? पुठ्ठ्याच्या खालून त्यांची पावलं दिसत होती, एकमेकांना लावून ठेवलेली, शाळेत मुलं उभी राहतात तशी. आमच्यापैकी ज्यांची मतं मोजली गेली, त्यांतल्या एकानंही इतका विचार केला नसेल. मी तरी केला नव्हता. शेवटी शिक्का आपटल्याचा आवाज आला. त्या घडी घालून बाहेर आल्या, उभी आणि मग आडवी. केंद्राध्यक्षांनी तो कागद उभ्यानं, दोन्ही हातांनी घेतला.

टेकडी चढताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, मावशी, ते मोजणार नाहीत हो. त्या म्हणाल्या, ऐकलं की मी.  पाण्याच्या मोठ्या पाइपापाशी त्या दम खायला टेकल्या. उन्हानं पाइप तापला होता. तिथं बसून त्यांनी मला सांगितलं ते मी अजून शब्दाला शब्द सांगू शकते.

"आमच्या गावच्या चावडीत माझ्या आज्याला पाय ठिवायची सोय नव्हती. काय सांगायचं ते बाहेरनं वरडून सांगायचा. आज साहेबानं मला आत घेऊन नाव इचारलं. हीच ती बाई, म्हणला. मग मी तशीच माघारी येऊ? मी आले होते, हे त्यांच्यापाशी राहिलं ना."

घरी येऊन त्यांनी पोहे केले, आणि पोटभर खाल्ले.  मी त्यांच्याकडे बघत होते. रोज बघत होते त्याच बाईकडे, पण मला त्या एकदम फार मोठ्या दिसू लागल्या होत्या. भीती वाटावी इतक्या.

शिमगा संपला, चाळ परत भरली. गुलालानं कपडे रंगवून आणलेली पोरं, कोवळे फणस, गावच्या गप्पा. मग हळूहळू कळलं की बाबांचंही मत पडलं होतं. आईचंही. ओळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांनी पालखीपुढे नाचता नाचता भांडुपमध्ये मतदान केलं होतं. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेलं. बाबा म्हणाले, "माझा मत कोणाक पडला, ता तरी सांगा." सगळे हसले. मग मी मावशींची गोष्ट सांगितली, आणि हसणं थांबलं. बाबा उठून शेवटच्या खोलीपर्यंत गेले. दारातच उभे राहिले. मावशींनी त्यांना किल्ली दिली, ते घेऊन आले. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही.

त्या निवडणुकीत जो निवडून आला त्याचं नाव पुतण्याच्या पानावर आहे. आकडेही आहेत, आणि ते बरोबरच असणार. बाबांचं न दिलेलं मत त्या आकड्यांत आहे, आणि मावशींचं दिलेलं मत नाही. ते पाकीट कुठल्या तरी गोदामात मुदत संपेपर्यंत पडून राहिलं असेल आणि मग नियमाप्रमाणे नष्ट झालं असेल. कोर्टात कुणी गेलं नाही. इतिहास म्हणतात तो हा असा असतो, याचा मला आधी राग यायचा. हल्ली राग येत नाही. हल्ली मी त्या केंद्राध्यक्षांचा विचार करते, ज्यांनी पुस्तिकेतलं ते पान दोनदा वाचलं. आणि ज्या कुणी कायदा लिहिताना, ज्याचं मत दुसऱ्यानं टाकलं त्या माणसासाठीही एक कागद राखून ठेवला, त्याचा. केवढी माणसं असतील ती, असं वाटतं आणि मन भरून येतं.

दशक संपता संपता विधानसभेची पुढची निवडणूक आली. मधली मतदानं झाली होती, पण ती शिमग्याच्या वेळची नव्हती. ही पुन्हा शिमग्याच्या तोंडावर. पुन्हा चुना, पुन्हा गेरू, टेकडीवर पुन्हा पांगारा. अठरा वर्षांची पोरंही आता मतदार झाली होती. यंदा काय होतंय, अशी माझ्या मनात धाकधूक होती. मावशी निवृत्तीला आल्या होत्या, चढण चढताना दोनदा थांबत. त्यांनी या खेपेला कुणालाच, मत टाकून जा, असं म्हटलं नाही. आणि बाबा एका संध्याकाळी एसटीची तिकिटं घेऊन आले. मतदानाच्या दिवशी रात्री सुटणाऱ्या गाडीची. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण बघता बघता साऱ्या चाळीची तिकिटं त्याच दिवशीची निघाली.

मतदानाच्या पहाटे आम्ही मावशींना घेऊन टेकडी उतरलो. शाळेचं फाटक उघडायच्या आधीच आमची सगळी ओळ तिथं उभी होती, ट्रंका आणि गाठोडी घरी बांधून ठेवून आलेली. बाबा सगळ्यांत पुढे होते. मावशी आल्या तसे ते बाजूला झाले आणि म्हणाले, "तुमी पयल्या." मागचे सगळे एकेक पाऊल मागे सरकले. मावशी पांढऱ्या साडीत पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

आत या वेळच्या केंद्राध्यक्षांनी पेटी उलटी करून सगळ्या एजंटांना दाखवली. काही नाही, रिकामी आहे. मग ती बंद केली, सील केली आणि टेबलावर ठेवली. मावशी आडोशामागे गेल्या. या वेळीही खूप वेळ लागला, पण दारापासून रस्त्यापर्यंत उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणी चुळबूळ केली नाही. त्या बाहेर आल्या. घडी घातलेला कागद त्यांनी पेटीच्या फटीत धरला आणि बोटं सोडली.

एरवी मत पडल्याचा आवाज येत नाही, कारण खाली आधीची मतं असतात. तेव्हा आला. रिकाम्या पत्र्यावर कागद पडल्याचा, अगदी एवढासा. मावशी कान देऊन उभ्या होत्या. दारात बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.